कॅसेटची दुसरी बाजू

आई गेली तो मंगळवार होता. सकाळी तिनं चंद्रीची, आमच्या म्हशीची, धार काढली, दूध अण्णांच्या भट्टीवर नेऊन दिलं, भाकरी केल्या. दहाच्या सुमारास ती ओट्यावर बसली आणि छातीत दुखतंय म्हणाली. मी पाणी आणलं. ते तिनं प्यायलं नाही. भूमहून डॉक्टर आले तेव्हा बारा वाजले होते. दादा मस्कतला होता. त्याला कळवायचं नाही, असं अण्णांनी संध्याकाळी ठरवलं.

आमचं गाव भूमपासून एसटीनं अर्ध्या तासावर. पाऊस कमी, जमीन हलकी, म्हणून आमच्या भागात घरटी म्हशी आणि गावागावांत खव्याच्या भट्ट्या. आमची भट्टी घराला लागूनच होती. सकाळी आसपासच्या वस्त्यांवरून दूध यायचं, अण्णा ते भल्यामोठ्या लोखंडी कढईत ओतायचे, खाली बाभळीची लाकडं सारायचे आणि लांब दांड्याच्या उलथन्यानं ढवळत उभे राहायचे. ढवळणं एक क्षण थांबवायचं नाही. सुरुवातीला दुधाचा आवाज पाण्यासारखा असतो, मग जड होत जातो, आणि शेवटी उलथनं कढईच्या तळाला घासून खर्र खर्र वाजायला लागतं. अण्णा धुरात डोळे मिटूनच उभे असायचे. खवा झाला की नाही ते कानानं ओळखायचे. खवा काढून घेतला की कढईला चिकटलेली तांबूस खरवड उरायची. ती दादाची. मी शाळेतून येईपर्यंत त्यानं माझ्यासाठी वाटीभर ठेवली तर ठेवली. आई त्याला रागवायची, पण तिच्या रागवण्याला धार नव्हती.

दादाचं नाव मारुती. अण्णांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, दादा जन्मायच्या वर्षभर आधी वारले, म्हणून त्यांचंच नाव त्याला ठेवलं. गाव त्याला मारुती म्हणायचं, अण्णा म्हणायचे, अण्णांची थोरली बहीण आमच्या आत्याबाई म्हणायच्या. आई म्हणायची नाही. सासऱ्याचं नाव तोंडात घ्यायचं नाही ही तेव्हाची रीतच होती, पण आईइतकी कडक पाळणारी मी दुसरी पाहिली नाही. दादाला ती बापू म्हणायची. वेशीतल्या मारुतीच्या देवळालाही ती कधी मारुतीचं देऊळ म्हणाली नाही. "वेशीतल्या देवाला तेल वाहून ये गं शके," एवढंच. गावात पहिल्यांदा त्या नावाची मोटार आली तेव्हा दादानं मुद्दाम विचारलं, "आई, सरपंचाच्या दारात कसली गाडी आली गं?" आई म्हणाली, "तुझ्या नावाची." आणि पदर तोंडाला लावून हसली.

दादानं वायरमनचं शिक्षण घेतलं होतं. परांड्याच्या रशीदभाईंच्या ओळखीनं तो मस्कतला गेला. रशीदभाई त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, तिकडं मुरलेले. काम विजेच्या मनोऱ्यांवर चढून तारा ओढण्याचं. पासपोर्ट कंपनीकडं, सुट्टी दोन वर्षांनी. जाताना आईनं त्याच्या पेटीत शेंगाची चटणी, आमटीसाठी येसराचं पीठ आणि कडक भाकरींची चळत भरली. वाळवलेल्या त्या भाकरी महिनाभर टिकतात. तिकडं पोचल्यावर त्यानं लिहिलं की निम्म्या भाकरींचा विमानात चुरा झाला, तो चुराही त्यानं पाण्यात कालवून खाल्ला.

सहा महिन्यांनी सुट्टीवर आलेल्या एका माणसाबरोबर त्यानं टेपरेकॉर्डर पाठवला, चार कोऱ्या कॅसेटी आणि एक भरलेली. त्या काळी तिकडं गेलेली माणसं पत्राऐवजी कॅसेट पाठवायची. आम्ही तिघं चुलीपुढं बसलो आणि दादाचा आवाज खोलीत आला. तो आपल्या कामाबद्दल फार बोलला नाही. बाजारात कांद्याचं पोतं दिसलं, त्यावर मराठी अक्षरं छापलेली होती, ते वाचून आपण दुकानात एकटेच हसत उभे राहिलो, असं त्यानं सांगितलं. पोतं रिकामं झाल्यावर दुकानदाराकडून मागून घेतलं म्हणे. त्यांच्या गाडीचा पेशावरकडचा ड्रायव्हर त्याच्याकडून एक शब्द शिकला होता, लई. आता तो ऊन लई, पाणी लई, मालीक खराब लई असं बोलतो, आणि रोज सकाळी तेवढ्यानं आपला दिवस बरा जातो. खोलीच्या मागं कुणीतरी लोखंडी पाटी खरवडत होतं तर त्याला वाटलं अण्णा आले. शेवटी तो म्हणाला, "खुशाली कागदावर कळती. मला आवाज पाठवा. भाकरीचा, कढईचा, चंद्रीचा, यष्टीच्या घंटीचा. माणसांनी नुस्तं बोलू नका. काम करताना लावून ठेवा."

माझा भाचा, दादाचा मुलगा, आता आयर्लंडमध्ये असतो. तो फोनवर तोंड दाखवतो, मागची खिडकी दाखवतो, खिडकीबाहेरचा पाऊस दाखवतो. मागच्या महिन्यात तिथल्या दुकानात ज्वारीचं पीठ मिळालं म्हणून त्यानं पिशवीचा फोटो पाठवला. थापायला कुणाला येत नाही, पिशवी फडताळात तशीच आहे. दिसली की बरं वाटतं म्हणतो. मी त्याला हसले नाही. परगावी राहिलेल्या माणसाला कशानं हसू येतं हे घरी राहिलेल्याला आधी कळत नाही, आणि कळतं तेव्हा ती वस्तू पाठवण्याजोगी राहिलेली नसते.

पहिली कॅसेट आम्ही भरली तेव्हा आईनं डोक्यावर पदर घेतला होता. यंत्रापुढं ती पाव्हण्यापुढं बसावी तशी बसली.

"ह्यात बोललं की त्याला ऐकू येतंय व्हय?"

"व्हय. पण आज न्हाय, कॅसेट पोचल्यावर."

"मग जोरात बोलायला पायजे. लई लांब हाय." आणि ती ओरडली, "बापूऽ, जेवलास का रंऽ?"

मग ती गप्प झाली. मी हातानं खुणावलं, बोल. ती वाट पाहत होती. बऱ्याच वेळानं माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बोलंना की गं त्यो." अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तो ठसकाही कॅसेटमध्ये गेला.

दुसरी कॅसेट आम्ही एका रविवारी सुरू केली. मी यंत्र चुलीपासून हातभर लांब ठेवलं आणि आई भाकरीला बसली. लाकडी काठवट, तिच्यात पीठ, आणि आईच्या उजव्या हातात माहेरची चांदीची पाटली. थापता थापता ती पाटली काठवटीच्या काठाला लागायची. थप थप थप थप टक्. त्या टक्ला भाकरी फिरायची. मग तव्यावर टाकल्याचा आवाज, वरून पाणी फिरवल्याचा, उलटल्याचा, आणि शेवटी ती निखाऱ्याला लावली की फुगताना येणारा उसासा. नऊ भाकरी झाल्या. दहाव्या भाकरीला आई म्हणाली, "बास झालं गं, बॅटऱ्या जातील." मी बटन दाबून बंद केलं. उरलेलं नंतर भरू म्हणून कॅसेट तशीच ठेवली. मंगळवारी आई गेली.

अण्णांनी न कळवायचं ठरवलं त्याला कारण होतं. शेजारच्या गावातला एक जण आखातात असाच उंचावरच्या कामाला होता. बाप गेल्याची तार त्याला कामावर मिळाली आणि आठवडाभरात तो वरून पडला. तारेमुळं पडला की कसा, कुणाला ठाऊक. पण गावात तसंच बोललं जायचं. ओट्यावर आईला झाकून ठेवलं होतं आणि अण्णा भिंतीला टेकून म्हणत होते, "एक गेली. दुसरं जायला नगं. दहा म्हैनं राहिल्यात त्याचे. खाली उतरू दे त्याला, मग सांगू." आत्याबाई म्हणाल्या, "थोरला ल्योक हाय. अग्नी त्यानं द्यायचा." अण्णा म्हणाले, "म्या देतो."

तेरा दिवस भट्टी बंद होती. दूध आणणारी माणसं वस्तीवरूनच मागं फिरायची. आईची धार काढण्याची वेळ झाली की चंद्री रेकायची आणि माझ्या हाताला पान्हा सोडायची नाही. पाचव्या दिवशी रशीदभाई आले. ते सुट्टीवर परांड्याला आलेले होते आणि तेराव्यानंतर दोन दिवसांनी परत मस्कतला निघणार होते. कॅसेट न्यायला येतो असं त्यांनी महिन्यापूर्वीच कळवलं होतं. दारात आल्यावर त्यांना समजलं. ते चप्पल काढून अंगणात बसले. अण्णांनी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तुमी त्याला घरी समदं बरं हाय म्हणा."

रशीदभाईंनी मान हलवली. "अण्णा, झूट मैं नै बोलता. पुढं अल्लाला तोंड दाखवायचं हाय. त्यानं पुछा तो मी सांगणार. नै पुछा तो माझं तोंड बंद."

"त्यो विचारणारच की."

"मग त्याला पुछायला नको वाटेल असं काहीतरी घेऊन जाऊ द्या मला," रशीदभाई म्हणाले. "ती कॅसेट तयार हाय न्हवं? आईचा आवाज असलेली?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते, गावातली मॅट्रिक झालेली दुसरी मुलगी. घरातली सगळी पत्रं मीच लिहायचे. आई सांगायची, "लिही बापूला, शेंगा निघाल्या," आणि मी वळणदार अक्षरात लिहायचे, 'चि. मारुतीस आईचा अनेक आशीर्वाद.' पत्र असंच लिहायचं असतं, मला शाळेत तसं शिकवलं होतं. आईला वाचता येत नव्हतं. माझा आवाज मात्र आईसारखा होता. मी घरात असले आणि बाहेरून कुणी हाक मारली की माझ्या होकाराला सगळे आईच समजायचे.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी भट्टी पेटवली. लोकांनी विचारलं, इतकी घाई कसली. अण्णांनी आणखी लाकडं सारली. मी कॅसेट उलटी करून दुसरी बाजू लावली, यंत्र कढईजवळ धरलं आणि ते ढवळत राहिले. पाण्यासारख्या आवाजापासून खर्र खर्र होईपर्यंत. मग मी चंद्रीपुढं उभी राहिले. मग फाट्यावर जाऊन एसटीची वाट पाहिली. कंडक्टरनं घंटीची दोरी दोनदा ओढली तेव्हा मी यंत्र खिडकीशी धरलेलं होतं. त्यानं डोकं बाहेर काढलं. "काय गं, यष्टीची मुलाखत घेतीयस का?" मी हसले. चौदा दिवसांत पहिल्यांदा हसले, आणि तेही कॅसेटमध्ये आलं.

शेवटची पाच मिनिटं उरली. पेटीतून मी आईची पाटली काढली आणि उजव्या हातात घातली. चुलीपुढं बसून एक भाकरी थापली. टक् नीट यावा म्हणून आधी तीन भाकरी वाया घालवल्या होत्या. काय बोलायचं ते मी आधी वहीच्या कागदावर लिहून काढलं होतं. मला काहीही लिहून काढल्याशिवाय जमत नसे, अजूनही जमत नाही. आत्याबाईंनी कागद माझ्यापुढं दिव्याजवळ धरला. मी डोक्यावर पदर घ्यावा तशी ओढणी घेतली आणि आईसारखं मोठ्यानं वाचलं, "मारुतीऽ, जेवलास का रंऽ? हिकडं समदं बरं हाय. तू जपून राहा." थोडा वेळ वाट पाहिली, ती पाहायची तशी. मग बटन बंद केलं. आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बाई बाई, तीच बोलली गं." अण्णा भट्टीवर होते. ते आत आले नाहीत.

दोन महिन्यांनी टपालानं दादाची कॅसेट आली. चुलीपुढं बसून आम्ही ती लावली. त्या जागी आता आम्ही दोघंच होतो.

"आई, तुझी कॅसेट पोचली," दादा म्हणाला. "खोलीतल्या समद्या पोरांना ऐकवली. केरळचा एकजण विचारतो, तुझी आई टाळ्या कुणाला वाजवतीय? म्या म्हणलं, भाकरीला. चंद्री रेकली तवा झोपलेले उठून बसले. अण्णांच्या कढईला मला लई हसू आलं, खरवडीची आठवण झाली. शकी त्या कंडक्टरला हसली ते बी ऐकलं. अण्णा, तुमी धुरापासून जरा लांब उभं राहा. शके, पुढं शिक." मग तो पुन्हा आईशी बोलला. "आई, म्या जेवलो. रोज जेवतो. काळजी करू नगंस."

अण्णांनी ती कॅसेट मागं फिरवून पुन्हा सुरुवातीपासून लावली. पुढचे महिने ते रोज भट्टी विझवल्यावर ती लावायचे, फीत यंत्रात गुंतून तुटेपर्यंत. कॅसेटसोबत एक फोटो होता. दादा एका मनोऱ्याच्या पायथ्याशी उभा होता, डोक्यावर कानापर्यंत ओढलेली टोपी, चेहऱ्यावर हसू. "टोपी कशापायी घातली असंल?" आत्याबाईंनी विचारलं. अण्णा म्हणाले, "ऊन असंल." मी आईच्या नावानं पत्रं लिहीत राहिले. शेंगा निघाल्या, चंद्री व्याली, रेडी झाली. दर पत्राला उत्तर येत होतं. पुष्कळ वर्षांनी ती उत्तरं पुन्हा चाळताना माझ्या लक्षात आलं की त्या दहा महिन्यांत दादानं आईला एकही प्रश्न विचारलेला नाही.

तो आला त्या दिवशी अण्णा सकाळपासून फाट्यावर जाऊन बसले होते. कसं सांगायचं ते त्यांनी ठरवलं होतं, वाटेतच सांगायचं, घरी आणून नाही. पण वाटेत त्यांना जमलं नाही. दोघं घरी आले. दादा अंगणात उभा राहिला, चुलीकडं पाहिलं, ओट्यावर बसला. मी दिलेलं पाणी प्यायला. मग त्यानं पेटी उघडली. अण्णांना घड्याळ आणि घोंगडीसारखं जाड पांघरूण. आत्याबाईंना लुगड्याचं कापड. मला शाईचं पेन आणि चष्म्याची डबी, मला चष्मा लागला होता हे मी पत्रात लिहिलं होतं. रशीदभाईंच्या घरी द्यायचा खजूर. अण्णा पुढं झुकून पेटीत आईच्या वाटणीचं काही शोधत होते. ते थेट तळापर्यंत पाहत होते. तळाला कांद्याच्या पोत्याचा मराठी अक्षरं असलेला तुकडा होता आणि त्यात गुंडाळलेल्या आमच्या दोन कॅसेटी.

"आता काय न्हाय त्यात, अण्णा," दादा म्हणाला.

अण्णा खाली बसले. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय."

"रशीदनं?"

"त्याला म्या विचारलंच न्हाय. विचारलं असतं तर त्यानं खोटं सांगितलं नसतं."

तेव्हा अण्णा रडले. आई गेली त्या दिवशी ते रडले नव्हते, अग्नी देताना रडले नव्हते. आता लहान पोरासारखे रडले आणि दादा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "पडलो न्हाय न्हवं म्या," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "हाय न्हवं हितं."

मला त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी भाकरी करत होते आणि तो चुलीपाशी, आई यंत्रापुढं बसली होती त्याच जागी बसला होता.

"कॅसेट झ्याक केली हुतीस," तो म्हणाला. "पाटलीबी घातली हुतीस ना? एकच चुकलं."

"काय?"

"आई मला मारुती कधी म्हणाली गं, शके?"

माझे हात पिठात थांबले.

"खोलीत आठजण हुते," तो म्हणाला. "समदे हसत हुते, मीबी हसत हुतो. भाकरी, चंद्री, यष्टी. आन् शेवटाला आई म्हणाली मारुती. पहिल्यांदा वाटलं, चुकून म्हणाली. मग वाटलं, आई हे चुकून म्हणायची न्हाय. मग वळखलं, ही तू हायस. तू तिच्या आवाजात बोलतीयस म्हंजी ती बोलायला न्हाय. पोरं हसतच हुती. म्या बी तोंडावरचं हसू तसंच ठिवलं. काय सांगायचं त्यांना? सकाळी केरळच्या त्या पोराकडनं डोकं भादरून घेतलं. म्हणलं, गरमी लई होतीया. टोपी घातली आन् कामावर गेलो. वर चढायच्या आदी पट्टा दोनदा बघितला. दहा म्हैनं रोज दोनदा बघितला. म्या पडलो असतो तर अण्णांनी काय केलं असतं?"

तो थोडा वेळ तव्याकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "उलटव, करपतीया."

एक गोष्ट मी तेव्हा त्याला विचारली नाही आणि पुढं चाळीस वर्षांत धीर झाला नाही. त्याला आईचं मरण माझ्या तोंडून, आईच्या आवाजात कळलं. अण्णांची तार गेली असती तर ते कागदावर कळलं असतं. कुठलं बरं झालं असतं? दादानं कधी मला दोष दिला नाही. घरात हसण्याखिदळण्याचा विषय निघाला की तो कंडक्टरची गोष्ट सांगायचा, केरळच्या पोराची सांगायचा, आणि तिथंच थांबायचा. त्याच्या मुलाला पुढचं माहीत नाही.

दादा मागच्या थंडीत गेला. भाचा पोचेपर्यंत आम्ही थांबलो. आता कळवायचं की नाही हे कुणाला ठरवावं लागत नाही, फोन आधीच वाजलेला असतो. भट्टी अण्णांनंतरच बंद झाली, कढई भंगारात गेली. परत जाताना भाचा म्हणाला, "आत्या, आजीचा आवाज तुझ्याकडं आहे म्हणतात. मला पाठव." भूमच्या एका दुकानात मी भाकरीची कॅसेट नेली. तिथल्या मुलानं फोनवर घेऊन दिली. 'बास झालं गं, बॅटऱ्या जातील' एवढ्यापर्यंतचं मी भाच्याला पाठवलं. नऊ भाकरी ऐकून त्यानं हसरा चेहरा पाठवला.

कॅसेट माझ्या कपाटात आहे. पोत्याचा तुकडा विरला. दादाच्या दोन्ही कॅसेटी अण्णांच्या हातातच तुटल्या, त्याचा आवाज कुठंच उरला नाही. कॅसेटच्या पहिल्या बाजूला आई आहे. दुसऱ्या बाजूला मी आहे.